कोबीला शिवलेला कोट

आमच्या भावोजींच्या नजरेतून आजवर एकही लोंबता दोरा सुटलेला नाही. रस्त्यात ओळखीचं कुणी भेटलं की आधी बाहीकडे बघणार, तोंडाकडे नंतर. बाहीला दोरा दिसला की बोलता बोलता खिशातून छोटी कात्री बाहेर, कचकन दोरा तोडला, आणि मग, "हं, काय म्हणत होतात?" एकदा बँकेच्या रांगेत पुढच्या अनोळखी माणसाच्या कोटाला दोरा लोंबत होता. राहवलं नाही त्यांना. तो माणूस असा काही दचकून ओरडला की पहारेकरी धावत आला. घरी आल्यावर ताईनं त्यांच्यापुढे हात जोडले. "अहो, एक दिवस तुरुंगात जाल, आणि तिथे कैद्यांचे दोरे कापत बसाल!"

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. भावोजी तिचे यजमान, धंद्यानं शिंपी. रस्त्याकडच्या खोलीत दुकान, मधे राहायची खोली, त्याला लागून स्वयंपाकघर आणि मागे परसाची चिंचोळी पट्टी. दुकान भावोजींचं आणि परस ताईचं, ही वाटणी लग्न झाल्यापासूनची. भावोजी परसात पाऊल टाकत नसत. गिऱ्हाइकाच्या कापडाला मातीचा डाग लागला तर काय, ही त्यांची भीती. ताईसुद्धा दुकानात शिरायची नाही. तिच्या हातांना सदा माती, त्यामुळे चहाचा कप दारातूनच पुढे करायची. दोघांचा संसार त्या दारातून चालला, आणि चांगला चालला. भांडणं व्हायची ती माझ्याशी.

मी पलीकडच्या गल्लीत राहते. शाळेच्या कँटीनमध्ये कामाला आहे, दुपार उलटली की मोकळी. तोंडाची मी फटकळ, लपवून काय करायचं? भावोजींनी माझं नाव 'तोफ' ठेवलेलं. मी दारात दिसले की मशीन थांबवायचे आणि आत ओरडायचे, "अगं, तोफ आली! कपबशा आवर!" मला तेव्हा त्याचा राग यायचा. आता ते म्हणत नाहीत, तर त्याचाच राग येतो.

ताईचा एक नेम होता. थंडीच्या तोंडावर ती कोबी लावायची. सगळ्यांचे वाफे रिकामे होत असताना हिचा वाफा भरायचा. ही रोपं हिवाळाभर नुसती जीव धरून बसतात. वाढत नाहीत, मरत नाहीत, बोटभर उंचीची तशीच राहतात. ऊन परतलं की मात्र सगळ्यांच्या आधी गड्डा धरतात. कडाक्याच्या दिवसांत ती त्यांच्यावर तारेच्या कमानी रोवायची, वर प्लास्टिक टाकायची, रात्री त्यावर जुनी चादर, कडेनं विटा. "थंडी कळली पाहिजे गं त्यांना," म्हणायची, "फक्त चावायला नको." मी हं हं करायची. माझा आणि कोबीचा संबंध चिरण्यापुरता.

तर त्या वर्षीही तिनं रोपं लावली. शेवटच्या ओळीला पाणी घालता घालता झारी हातातून पडली, आणि मागोमाग ती. उजवी बाजू गेली. वाचाही गेली. वाचा गेली म्हणजे पार गेली, एक अक्षर उरलं नाही. लिहायला जमेना, हो-नाहीची मानसुद्धा उलटसुलट हलायची. डॉक्टर म्हणाले, त्यांना सगळं समजतंय, फक्त सांगता येत नाही. वर म्हणाले, धीर धरा. जन्मभर जी बाई रोपांशीसुद्धा बोलायची, तिच्यासमोर बसून धीर धरा म्हणे! माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण भांडणार कुणाशी?

घरी आणली तर तोंड उघडेना. सूप भरवायला गेलं की ओठ घट्ट मिटायची आणि भिंतीकडे बघत पडायची. भावोजींनी लाडीगोडी केली, मी दरडावलं, लांब राहणाऱ्या मुलीनं फोनवरून रडून घेतलं. काही उपयोग नाही. शेवटी भावोजींनी एकट्यानं पलंग ओढत ओढत मागच्या खिडकीशी नेला. खिडकीतून परस दिसतं, आणि परसात त्या वेळी दुसरं काहीच नव्हतं, होती ती कोबीची रोपं. त्या संध्याकाळी ताईनं वाटीभर सूप घेतलं. घेताना नजर बाहेर.

भावोजी रिकामी वाटी घेऊन स्वयंपाकघरात आले. मला म्हणाले, "कळलं तुला? ही रोपं हिवाळा काढतील ना, तर ही पण काढेल."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. मी ठरवलंय."

माणूस असं मनाशी काही धरून बसला की त्याच्याशी वाद घालता येत नाही. खरं सांगायचं तर मीही तेच धरून बसले. दुसरं होतं काय धरायला?

दुसऱ्या दिवशी भावोजी परसात उतरले. दुकानात घालायचे चकचकीत बूट तसेच चिखलात. जिन्याखालच्या कोनाड्यातून त्यांनी ताईचं सामान बाहेर काढलं. कमानी, विटा, विरलेली चादर आणि ते प्लास्टिक. प्लास्टिक उलगडून उजेडात धरलं, तर त्याला भोकंच भोकं. भावोजींचा चेहरा उतरला. "शिंप्याची बायको," ते म्हणाले, "आणि इतकी वर्षं फाटकं पांघरूण वापरत होती. एकदा तरी सांगायचं! मी लोकांचे कोट शिवत बसलो आणि घरात ही अवस्था." डोळे पुसायला त्यांनी बाही वर केली आणि बाहीला माती लागली, तर तिच्याकडेही त्यांचं लक्ष गेलं नाही.

आता एक गोष्ट तुम्हाला आधीच सांगून टाकते, उगाच दडवून ठेवत नाही. ती भोकं फाटून पडलेली नव्हती. ताईनं ती कात्रीनं कापली होती, मुद्दाम. दिवसा ऊन पडलं की प्लास्टिकच्या आत वाफ कोंडते, ती बाहेर जायला वाट हवी म्हणून. हे सांगू शकणारी एकच बाई त्या घरात होती, आणि ती खिडकीशी पडून आमच्याकडे बघत होती.

भावोजींनी मग जे केलं ते आमच्या अख्ख्या रस्त्यानं पाहिलं. गळ्यात टेप अडकवून त्यांनी वाफ्याची मापं घेतली. लांबी, रुंदी, कमानीची उंची, तीसुद्धा मधे वेगळी आणि कडेला वेगळी. दुकानात मोठ्या टेबलावर प्लास्टिक पसरलं, खडूनं आखलं. एकेका भोकावर गोल ठिगळ, आणि ठिगळाला दुहेरी शिलाई. सुईनं पडलेल्या बारीक छिद्रांतूनसुद्धा वारा जायला नको म्हणून शिलाईवर मेण चोळलं. खालच्या कडेला नळीसारखी दुमड घालून तिच्यात वाळू भरली, म्हणजे कोट जमिनीला चिकटून बसावा. दोन्ही टोकं शिवून बंद. रात्री वरून चढवायला ब्लँकेटचं वेगळं पांघरूण. आणि आत बघायला सोय हवी म्हणून एका बाजूला काज-बटणं! मी कपाळाला हात लावला.

"कॉलर तेवढी राहिली," मी म्हणाले.

त्यांनी गंभीरपणे विचार केला. "नको. मान कुठाय त्यांना?"

टेबलाच्या कोपऱ्यात एका वकिलांचा अर्धवट कोट कितीतरी दिवस पडून होता. वकीलसाहेब चौकशीला आले, तर भावोजी मान वर न करता म्हणाले, "तुमच्याकडे दुसरा आहे साहेब. त्यांच्याकडे नाही." वकीलसाहेबांनी 'त्यांच्या'बद्दल मला खुणेनं विचारलं. मी म्हटलं, कोबी. बिचारे चहा न घेताच गेले.

कोट चढवला तो दिवस मला अजून दिसतो. आभाळ भरलेलं, गारठा हाडात शिरत होता. भावोजींनी कमानींवरून कोट असा सुरेख बसवला की कुठे सुरकुती म्हणून नाही. बटणं लावली आणि वळून खिडकीकडे बघितलं. शाळेत बक्षीस मिळालेली मुलं आईकडे बघतात, तसं. ताईनं डावा हात वर केला. हलणारा तेवढा तोच हात. पहिली दोन बोटं तिनं लांब केली आणि उघडली, मिटली, उघडली, मिटली. कात्री. डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"बघ, बघ!" भावोजी बाहेरून ओरडले. "शाबासकी देतेय मला! माझ्या कात्रीला शाबासकी देतेय!"

आणि मी टाळ्या वाजवल्या. खिडकीच्या आत, तिच्या उशाशी उभी राहून.

दुसऱ्या दिवशी पुन्हा कात्री. तिसऱ्या दिवशीही. आता शाबासकी इतके दिवस कोण देतं? मग आम्ही डोकी लढवायला लागलो. भावोजी म्हणाले, नखं वाढली असतील. त्यांनी तिचा हात मांडीवर घेऊन एकेक नख हळुवार कापलं. नखं झाली, तरी कात्री चालूच. मुलगी फोनवर म्हणाली, आईला मोकळी मान आवडते, केस कापा. कापले. शिंप्यानंच कापले, त्यामुळे कडा अगदी सरळ. ताईनं केस कापून घेताना डोळे मिटले, आणि उघडल्यावर पहिली खूण काय, तर तीच.

मी माझं शहाणपण पाजळलं. "भावोजी, ती म्हणतेय दुकानाकडे लक्ष द्या. कात्री म्हणजे दुकान. सगळी कामं पडलीत तुमची." भावोजींना ते पटलं. त्यांनी वकिलांचा कोट आणून तिच्यासमोर बसून शिवला. ताई त्या कोटाकडे बघेना.

व्यायाम करून घ्यायला एक बाई यायच्या. त्यांनी खूण पाहिली आणि खूश झाल्या. "बोटं किती छान हलतायत! करा, आणखी करा, शाब्बास!" ताईनं त्यांच्याकडे असं काही बघितलं की दुसरी कुणी असती तर पळाली असती. एकदा भावोजींनी खरीखुरी छोटी कात्री तिच्या हातात दिली. ताईनं ती धरली. हात खिडकीच्या दिशेनं लांब केला. पण डाव्या हातात ताकद किती असणार? कात्री निसटली आणि पांघरुणावर पडली. व्यायामवाल्या बाईंनी ती झटकन उचलली. धारदार वस्तू पेशंटच्या हातात देऊ नका, म्हणाल्या. कात्री खणात गेली.

खिडकीच्या दिशेनं, हे मी आता सांगते. तेव्हा वाटलं होतं, हात कुठेतरी जाणारच.

इकडे रोपं मात्र जोरात. भावोजी रोज दुपारी न चुकता बटणं काढायचे, कोटाची एक बाजू दुमडून वर करायचे आणि ताईला रोपं दाखवायचे. "बघ गं, केवढी झाली! तुझ्या हाताखाली एवढी कधी झाली होती का?" आणि होती खरंच लांब. ताईच्या वेळी याच दिवसांत ती बुटकी, काळपट हिरवी, जमिनीला धरून बसलेली असायची. ही आपली फिकट, नाजूक, माना लांब करून उभी. आम्हाला कौतुक! जेवढी उंच तेवढी तब्येत चांगली, असा आमचा हिशेब. ताई ती बघायची आणि तोंड भिंतीकडे फिरवायची. डोळ्यांवर उजेड येत असेल म्हणून भावोजींनी खिडकीला पडदा शिवला. तिनं तो डाव्या हातानं ओढून पाडला. तेवढं एक आम्हाला बरोबर समजलं, पडदा नको.

तुम्ही म्हणाल, एवढं कोंदट होतं तर रोपं टिकली कशी? त्या दुपारच्या बटणांनी टिकवली. रोज थोडा वेळ वारा जायचा आत. शिवाय आभाळ बरेच दिवस भरलेलंच होतं. भावोजी ती बटणं तिला दाखवायला काढत होते. रोपांना श्वास देतोय हे त्यांच्या गावीही नव्हतं.

मग रेडिओवर सांगितलं, थंडीची लाट येतेय, उघड्यावरचं सगळं जपा. भावोजींचं धाबं दणाणलं. संध्याकाळी मी पोचले तर ते वाफ्याशी गुडघे टेकून बसलेले, नाकाचा शेंडा लाल, दातात सुई धरलेली. काज-बटणांच्या बाजूनं वारा शिरेल म्हणून ती बाजू ते हातानं शिवून टाकत होते. दाट, बारीक टाके.

"उद्या दवाखान्यात जायचंय ना आपल्याला?" मी म्हणाले. "दिवस जाईल सगळा."

"म्हणून तर. आपण नसताना काही व्हायला नको." शेवटची गाठ मारली आणि खिशातली कात्री न काढता दोरा दातांनीच तोडला. "आता काय वाट्टेल ते होऊ दे. आत थंडीचा थेंब शिरणार नाही."

शिरला नाही. कामात माणूस खोटा नव्हता.

सकाळी जमीन पांढरी झाली होती. विटा पांढऱ्या, झारीतलं पाणी गोठलेलं. पण आभाळ लख्ख. इतक्या दिवसांनी ढगाचा पुंजकासुद्धा नाही. भावोजींनी कोटावरचं ब्लँकेट काढून नीट घडी घातली. टॅक्सी मागच्या गल्लीत बोलावली होती, कारण दुकानाच्या पायऱ्यांवरून चाकाची खुर्ची उतरत नाही. म्हणजे ताईला परसातूनच न्यायचं होतं, वाफ्याच्या कडेनं. आजारी पडल्यापासून ती पहिल्यांदाच रोपांच्या इतकी जवळ येत होती. ऊन नुकतंच कोटावर आलं होतं, आणि प्लास्टिकनं आतून पाण्याचे थेंब धरले होते. रोपं नीट दिसतसुद्धा नव्हती.

ताईनं फाटकाचा खांब धरला. डाव्या हातानं, गच्च. खुर्ची पुढे जाईना. मग तिनं खांब सोडला आणि हात वर करून कात्री केली. तिनं खांब सोडला तशी खुर्ची पुढे गेली. तिनं पुन्हा खांब धरला, पुन्हा सोडला, पुन्हा कात्री. एकच हात हो. धरायला तोच आणि बोलायलाही तोच. बोलायला गेली की पकड सुटायची, पकडलं की बोलणं बंद. घशातून कसला तरी आवाज काढत होती. टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता.

"अगं, नखं परवाच कापली ना तुझी," भावोजी वाकून म्हणाले. "आल्यावर परत कापतो. शपथ. चल ना गं."

मी तिची बोटं एकेक करून खांबावरून सोडवली. वर तिला रागावलेसुद्धा. "ताई, काय हा हट्ट? डॉक्टर काय आपल्यासाठी थांबणार आहेत का?" आणि खुर्ची ढकलली.

दवाखान्यात दिवस गेलाच. मोठी खिडकी, समोर बाकं, नंबर लागेपर्यंत बसा. बाहेर ऊन चढत गेलं. आधी लोकांनी मफलर काढले, मग स्वेटर. एकानं उठून खिडकी उघडली तेव्हा ताई त्या उघड्या खिडकीकडे बघत राहिली. तिनं एकदा दोन बोटं उघडली, हळूच, मांडीवरच. मग मिटली आणि पुन्हा उघडली नाहीत. भावोजींनी तिच्या खांद्यावरची शाल काढली, घडी करून पिशवीत ठेवली आणि मला म्हणाले, "काय छान ऊन पडलंय गं आज. रोपांना किती बरं वाटत असेल!"

घरी परतलो तेव्हा सावल्या लांब झाल्या होत्या, तरी भिंतीला दिवसाची ऊब होती. फाटक उघडलं आणि वास आला. मी कँटीनमध्ये काम करते. हा वास माझ्या ओढणीतून रोज घरी येतो. शिजलेला कोबी.

भावोजींना अजून कळलं नव्हतं. ते पुढे गेले, कोटापाशी वाकले. आत पांढरं धुकं. त्यांनी शिवण उसवायला घेतली, पण ती कुणी घातली होती? टाका तुटेना. नखांनी ओढलं, कात्रीसाठी खिसे चाचपले, कात्री सापडली ती हातातून दोनदा पडली. शेवटी एक बाजू सुटली आणि आतून गरम वाफ त्यांच्या तोंडावर आली. चष्मा धुरकटला. त्यांनी तो पुसला आणि बघितलं. एकूण एक रोप आडवं पडलेलं, पानं ओल्या फडक्यासारखी मातीला चिकटलेली.

"थंडीनं?" त्यांनी मला विचारलं. "थंडी शिरली का गं कुठून? मी तर सगळं..."

"भावोजी, हात लावून बघा," मी म्हणाले. "गरम आहे."

त्यांनी हात लावला. मग कोट ओढून मांडीवर घेतला आणि तिथेच चिखलात बसले. एक ठिगळ शोधलं, कात्रीच्या टोकानं त्याचे टाके एकेक करून उचलले. अशा वेळीसुद्धा टराटरा फाडणं त्यांना जमेना. ठिगळ निघालं. खालच्या जुन्या भोकाच्या कडेवरून त्यांनी अंगठा फिरवला, गोल, सावकाश. मग दुसरं ठिगळ काढलं. तिसरं.

"कापलेलं आहे," ते म्हणाले.

"काय?"

"हे फाटलेलं नाही गं. फाटलेली कड अशी नसते. हे कापलंय. कात्रीनं. गोल, बेतून." आयुष्यभर कापडाच्या कडा बघितलेला माणूस. कापलेली कड आणि फाटलेली कड त्यांनी झोपेत ओळखली असती. पण त्या दिवशी जिन्याखालून प्लास्टिक काढताना त्यांना कड दिसलीच नव्हती. बायकोचे हाल तेवढे दिसले होते.

ते सावकाश वळले. ताईची खुर्ची फाटकाशीच होती, मी तिला तिथेच सोडून धावले होते. ती वाफ्याकडे बघत होती. डावा हात मांडीवर.

भावोजी उठले, दुकानात गेले आणि मोठी कात्री घेऊन आले. त्या कात्रीला कापडाशिवाय काही लागलेलं त्यांना खपायचं नाही. एकदा मी त्या कात्रीनं नुसता कागद कापला होता, तर दोन दिवस माझ्याशी बोलले नव्हते. त्या कात्रीनं ते ठिगळं कापू लागले. कचाकच, एकामागून एक, जिथे जिथे भोक होतं तिथे तिथे पुन्हा भोक. मग भोक नसलेल्या ठिकाणीही. खाली मेलेली रोपं.

"आता कशाला!" मी ओरडले. "भावोजी, पुरे ना! आता काय उपयोग आहे त्याचा?"

"ती सांगत होती ना," ते म्हणाले. हात थांबला नाही. "इतके दिवस सांगत होती."

मी रडत होते आणि चिडलेही होते. कुणावर, ते विचारू नका. त्यांच्यावर चिडावं तर त्यांनी तळहाताच्या फोडासारखं जपलं होतं. डॉक्टरांवर चिडावं तर ते खरंच बोलले होते. माझ्यावर चिडायला माझी ना नाही, पण त्यानं कोबीचं एक पान तरी उभं राहणार होतं का?

ताईला आत घेतलं, पलंगावर निजवलं. दिवेलागणीला भावोजी तिच्याशेजारी स्टुलावर येऊन बसले. हातपाय धुतले होते, पण बूट तसेच, चिखलाचे. मग त्यांनी आपला उजवा हात तिच्यापुढे धरला, दोन बोटं लांब केली आणि उघडली, मिटली, उघडली.

"हेच ना?" त्यांनी विचारलं. "हेच म्हणत होतीस ना गं? भोकं पाड म्हणून?"

ताई त्यांच्याकडे बघत राहिली. रागानं बघितलं असतं तर बरं वाटलं असतं. तिनं डावा हात उचलला, त्यांची ती दोन बोटं आपल्या मुठीत धरली आणि मिटली. मिटून तशीच धरून ठेवली. त्यांना पुन्हा उघडू दिली नाहीत.

त्यानंतर तिनं कात्री केलेली नाही. दुसरीही कुठली खूण नाही. भरवलं तर खाते, दोन घास, न बघता. वाफा भावोजींनी मोकळा केला. आता खिडकीतून नुसती माती दिसते. पलंग खिडकीपासून हलवायचा का, असं ते मला रोज विचारतात. हलवला तर तिला वाटेल आता तेही काढून घेतलं. ठेवला तर समोर रिकामा वाफा. मुलीनं फोनवर सुचवलं, नर्सरीतून दुसरी रोपं आणून लावा, आईला काय कळणार! मी फोन ठेवून दिला. आईला सगळं कळतं. तीच तर पंचाईत आहे.

दुकान बहुतेक बंदच असतं. भावोजी दिवसभर स्टुलावर बसून ताईच्या डाव्या हाताकडे बघतात. बोट जरा हललं की उठतात. पाणी? उशी? खिडकी उघडू? एकेक वस्तू आणून दाखवतात, कात्रीसुद्धा आणून दाखवतात. ती डोळे मिटून घेते.

हल्ली मी कँटीनमधून निघताना बाहीची शिवण ओढून एक दोरा मुद्दाम सोडून ठेवते. चांगला बोटभर लोंबता. आणि त्यांच्या समोर, अगदी नाकासमोर, हात पुढे करून चहाचा कप देते. ते कप घेतात, आणि पुन्हा तिच्या हाताकडे बघायला लागतात.